डेंग्यू: पोरांना सगळं पाठ आहे, मग ड्रम का घासले जात नाहीत?

गिरणाकाठ

यंदा पोळ्यापासून आमच्या गावात तापाची साथ आहे. गल्लीत प्रत्येक घरात कोणी ना कोणी पांघरूण घेऊन पडलेलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. परवा वर्गात विचारलं, डेंग्यूचा डास कधी चावतो? सगळी पोरं एका सुरात, "दिवसा!" कुठे वाढतो? "साठलेल्या स्वच्छ पाण्यात!" अंगावर काय असतं? "पांढरे पट्टे!" एकाचंही चुकलं नाही. त्यांच्या आयांनाही हे पाठ आहे, कारण आशाताई दर पावसाळ्यात सांगून जातात आणि घंटागाडीवरही तेच वाजतं.

शाळा सुटल्यावर यातल्याच काही पोरांच्या घरी गेले. ओट्यावर निळे ड्रम, मोरीत रांजण, गच्चीवर झाकण उडालेली टाकी, गोठ्यापाशी बैलांची कुंडी. मोबाईलची बॅटरी मारली तर बहुतेक ड्रमांत अळ्या वळवळत होत्या. एका घरची आजी म्हणाली, "बाई, हे पाण्यातले किडे शेतस, पाणी साठलं की होतातच. मच्छर तर गटारीतून येतो." तिचाच नातू वर्गात सगळ्यांत मोठ्याने उत्तरं देत होता.

मला खरंच समजून घ्यायचं आहे. ऐकलेलं आणि डोळ्यांना दिसणारं यांची गाठ पडत नाही म्हणून असं होतं, की कळूनही पाणी ओतणं परवडत नाही? तुमच्याकडे काय अनुभव?

शेवभाजी

ताई, नळ कितव्या दिवशी येतो ते आधी सांगा. उत्तर तिथेच आहे.

गिरणाकाठ

आठव्या-नवव्या दिवशी. उन्हाळ्यात बारावा-तेरावाही होतो.

शेवभाजी

मग लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचं की दर शुक्रवारी सगळी भांडी रिकामी करा? शुक्रवारी पाणी ओतलं आणि नळ मंगळवारी आला, तर मधले दिवस काय प्यायचं? कोरडा दिवस पाळा हे सांगणं रोज नळ येणाऱ्या शहरात बसून लिहिलेलं आहे. आमच्या आईला अळ्या दिसतात. ती पाणी फडक्यातून गाळते, अळ्या फेकते आणि तेच पाणी परत वापरते. तिला अडाणी म्हणणाऱ्याने एक उन्हाळा आमच्या गल्लीत काढावा.

पाटाचं पाणी

आमना गावमा नळ उना का लगीननी पंगतबी उठी जास. 😄

कळण्याची भाकरी

पाटाचं पाणी, हसू आलं, पण आमच्याकडे हळदीच्या दिवशी अगदी हेच झालं होतं. नवरी सोडून सगळ्या बाया नळावर.

गिरणाकाठ ताई, एक गोष्ट बोलायची राहते. दोनशे लिटरचा ड्रम घासायचं काम कोणाच्या अंगावर असतं? माझी सासू सत्तरीची आहे. भरलेला सोडाच, तळाला दोन बादल्या पाणी राहिलेला ड्रमसुद्धा तिला कलता होत नाही. म्हणून तळाचं पाणी तसंच राहतं आणि नळ आला की त्यावरच नवीन पाणी पडतं. घरातले बाप्ये पारावर बसून ग्रामपंचायतीला शिव्या घालतात, पण ड्रम उलटा करायला हात लावत नाहीत.

प्लॉट नंबर सात

मला हे पटत नाही. आम्ही जळगावात कॉलनीत राहतो. घरोघरी बोअर आहे, पाण्याची टंचाई अशी नाही. तरी साथ आलीच. कुठे सापडल्या अळ्या? कूलरमध्ये. उन्हाळा संपून दोन महिने झाले, तळाला पाणी तसंच, वरचं गवतही काढलेलं नाही. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. मनी प्लांटच्या बाटलीत. शेजारच्या बांधकामाच्या हौदात, जिथे स्लॅबवर मारायचं पाणी भरून ठेवलं होतं. हे सगळे शिकलेले लोक, नोकरदार, व्यापारी. पाण्याचं कारण सगळीकडे लागू नाही. "मला काय होतंय" हे मोठं कारण आहे.

शेवभाजी

कॉलनीतला कूलर आणि आमचा ड्रम एका मापाने मोजू नका भाऊ. कूलर ओतला तर तुमचं काही जात नाही. ओतत नाही हा आळस झाला. आमच्याकडे अडचण आहे.

जिभाऊ धुळेकर

दोघांचंही खरं आहे. मी आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो, हिवतापाच्या कामात आयुष्य गेलं. थोडं सविस्तर लिहितो.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती अंडी काळी, बारीक, सहज दिसत नाहीत आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी पुन्हा चढलं की अळी बाहेर येते. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासावी लागते. आमच्या पत्रकात "रिकामे करा" मोठ्या अक्षरात असायचं आणि "घासा" बारीक अक्षरात. लोकांनी मोठं अक्षर वाचलं.

आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आता ताईंचा नळ आठ-नऊ दिवसांनी येतो. म्हणजे डासाची एक पिढी आणि नळाची एक पाळी बरोबर जुळते. याच्याइतकी सोय डासाला दुसरीकडे कुठे मिळणार?

आजींचा समज मी गावोगाव ऐकला आहे. त्यावर भाषण देऊन उपयोग होत नाही. मी काचेच्या बरणीत त्यांच्याच ड्रममधल्या अळ्या घ्यायचो, तोंडाला जाळीचं फडकं बांधून बरणी त्यांच्याच ओट्यावर ठेवायचो. चार-पाच दिवसांत आत डास उडायला लागतात. पट्टेवाला डास स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस पुन्हा पाण्यातला किडा म्हणत नाही. बाई, शाळेत हे जरूर करा, फक्त बरणीचं तोंड नीट बांधा आणि नंतर फडकं न सोडता बरणी साबणाच्या पाण्यात बुडवा.

गिरणाकाठ

जिभाऊ, फार फार आभार. सोमवारीच करते.

पांझराकाठ

धूर मारणारी गाडी येत नाही, त्यावर कोणी बोलणार आहे का? आमच्या प्रभागात निवडणुकीच्या वेळी आली होती, नंतर दिसली नाही.

जिभाऊ धुळेकर

पांझराकाठ, धुराने त्या वेळी उडत असलेला डास मरतो. अळी आणि अंडी तशीच राहतात. शिवाय हा डास घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो, आणि गाडीचा आवाज आला की लोक आधी दारं-खिडक्या लावून घेतात. रुग्ण जास्त झाले की आजूबाजूच्या घरांत धुरळणी करतात, तिचा तेवढा उपयोग आहे. पण आठवड्याने ड्रममधून नवीन पिढी निघते. धूर दिसतो म्हणून लोकांना काम झाल्यासारखं वाटतं आणि पुढाऱ्यालाही ते सोयीचं असतं.

मेहरूणची बोरं

आमच्या घरी गेल्या वर्षी वडिलांना झाला होता. पेशी (प्लेटलेट) ३८ हजार. नातेवाईकांचे फोनवर फोन: किवी द्या, ड्रॅगन फ्रूट द्या, बकरीचं दूध द्या. बकरीचं दूध चारशे रुपये लिटरने विकणारा एक जण दवाखान्याच्या बाहेरच उभा. मोठे काका पपईच्या पानांचा रस घेऊन आले, वडिलांनी दोन घोट घेतले आणि उलटी केली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, पाणी, ओआरएस, पेज, ताक पाजत राहा, लघवी नीट होते का बघा. प्लेटलेट चढवल्या नाहीत. तीन दिवसांत आकडा आपोआप वर आला. काका अजून सांगतात की त्या दोन घोटांनी वाचला.

शहाद्याची पपई

काकांना नावं ठेवू नका हो. आमच्या तालुक्यात पपईच्या बागा आहेत. साथ आली की लोक पानं मागायला बांधावर येतात. आम्ही कोणाला नाही म्हणत नाही. गरीब माणसाला आपण काहीतरी करतोय याचा आधार असतो.

परिचारिका भुसावळ

ताई, आधाराची गरज मला रोज वॉर्डात दिसते, म्हणून रागाने लिहीत नाही. पपईच्या पानांच्या अर्काने पेशींचा आकडा थोडा लवकर वाढतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण त्याने जीव वाचतो हे सिद्ध झालेलं नाही. कडू रसाने उलट्या सुरू झाल्या तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं, आणि डेंग्यूत खरा धोका तोच असतो.

सगळं गाव पेशींच्या आकड्याकडे बघत बसतं. पण डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो, आणि बहुतेक वेळा माणूस त्याने दगावतो. म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालं त्याचं माप, बघतात. रक्तस्राव नसेल तर पेशी दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज सहसा नसते, राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. तरी नातेवाईक पन्नास हजारांवर डॉक्टरांशी भांडतात.

दुसरा समज याहून घातक आहे: "ताप उतरला, बरं झालं." तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि बिघडायचं असेल तर त्याच वेळी बिघडतं. त्याच दिवशी लोक सलाईन काढून कापूस वेचायला जातात. पोटात सतत कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी संडास, लघवी कमी होणं, माणूस एकदम गळून जाणं, मूल सुस्त किंवा फार चिडचिडं होणं. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र आहे, एसटी नाही, असं म्हणत थांबू नका.

आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅकची सुई, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. "सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही" हे वाक्य मी रोज ऐकते.

मेहरूणची बोरं

हे वाचून अंगावर काटा आला. वडीलही ताप उतरल्यावर घरी न्या म्हणून हट्ट धरून बसले होते.

केळीचा घड

रावेरकडून विचारतो. केळीच्या बागेत पाणी द्यायला जातो तेव्हा भरदिवसा डास फोडून काढतात. पट्टेवालेच. पण बागेत ड्रम कुठे आहेत?

जिभाऊ धुळेकर

तो एडिसचाच भाऊ, एडिस अल्बोपिक्टस. झाडाच्या ढोलीत, पानाच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यावरही वाढतो. डेंग्यू तोही पसरवतो, पण गावातली साथ मुख्यतः घरातल्या भांड्यांवर वाढलेल्या इजिप्तीमुळे असते. बागेत पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, आणि बांधावरची फुटकी बादली, औषधाचे रिकामे डबे, जुनं टायर तेवढं उचला.

पाटाचं पाणी

टायर उचललं तर पंक्चरवाल्याच्या दुकानाची पाटी जाईल ना भो. 😀

सातपुड्याची आशा

मी धडगावकडे आशा म्हणून काम करते. आमच्याकडे मुख्य भीती हिवतापाची. त्याचा डास रात्री चावतो, म्हणून औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या आहेत आणि लोक वापरतातही. अडचण अशी की मच्छरदाणी रात्रीची हे इतकं डोक्यात बसलं आहे की डेंग्यूच्या रुग्णाला दिवसा मच्छरदाणीत झोपवा म्हटलं तर हसतात. तापात असलेल्या माणसाला डास चावला तर तो डास साधारण आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला रोग देऊ शकतो आणि मरेपर्यंत देत राहतो. म्हणजे मच्छरदाणी घरातल्या बाकीच्यांसाठी असते. मी आता असंच सांगते, "तुझ्या लेकरांसाठी तू मच्छरदाणीत झोप." तेव्हा माणूस ऐकतो.

दुसरी अडचण, ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीच्या सुमारास परत येतात. तिकडे ताप आला होता की नाही, काय तपासलं, काही कागद नसतो. कोरोनात ताप सांगितला की उचलून नेतात ही धास्ती बसली, ती अजून गेलेली नाही. ताप विचारला की "नाही" म्हणतात, आणि अंग हाताला चटकतं.

प्लॉट नंबर सात

सातपुड्याची आशा, तुमच्या कामाला मनापासून नमस्कार.

एक शंका. आमच्या कॉलनीत घरटी एक रुग्ण होता आणि पेपरात आकडा अगदी थोडका. लपवतात का?

जिभाऊ धुळेकर

सगळं लपवलेलं नसतं. डेंग्यू २०१६ पासून देशात कळवायलाच हवा असा आजार आहे, खाजगी दवाखान्यालाही. पण पट्टीवरची झटपट तपासणी सरकारी नोंदीत पक्की धरत नाहीत. प्रयोगशाळेतली एलायझा ही रक्ततपासणी लागते: पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचा अंश), नंतर आयजीएम (शरीराने त्याविरुद्ध केलेलं प्रतिद्रव्य). नमुना पाठवलाच नाही तर तो रुग्ण यादीत येत नाही. म्हणून पॉझिटिव्ह आला तर नमुना पाठवला का हे डॉक्टरांना विचारा. यादीत नाव आलं तर शेजारच्या घरांत पथक जातं.

कळण्याची भाकरी

पथकावरून आठवलं. आमच्याकडे औषध टाकणाऱ्या पोराला बाया दारातूनच परत पाठवतात. पाण्याला वास येतो, पोरांनी प्यायलं तर काय, म्हणून.

जिभाऊ धुळेकर

ते टेमिफॉस, अळ्या मारायचं औषध. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठीही चालेल असं सांगितलं आहे. वास थोडा येतो. पण लोकांची भीती चुकीची म्हणून झटकू नये. औषध टाकणाऱ्याने दोन मिनिटं थांबून सांगितलं तर दार उघडतं. पिण्याचा माठ-हंडा रोज घासला जातो, त्यात टाकायची गरजच नाही. वापराच्या ड्रमात टाका. मोठा हौद किंवा विहीर असेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात मिळतात.

वरणबट्टी

मला एकदा झाला आहे, आता होणार नाही ना?

परिचारिका भुसावळ

होऊ शकतो. विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने झाला तर त्याच प्रकारापासून पुढे संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून नाही. उलट दुसऱ्या वेळी गंभीर व्हायची शक्यता जास्त. लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. डास न होऊ देणं हाच मुख्य उपाय आपल्या हातात आहे.

अमळनेरकरीण

उशिरा आले, सगळा धागा वाचला. मला वाटतं आपल्याकडे घासण्याची रीत आहे, तिचा उपयोग आपण करत नाही. कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, आधी घर कसं निघतं ते आठवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी भिंतींना रंग, माळ्यावरची भांडी खाली, रांजण-पिंप घासून उपडे. भाऊबंद जमणार, रोट होणार म्हणून घरात एक भांडं न घासलेलं राहत नाही. आणि हे सगळं श्रावणात, डेंग्यूचा जोर सुरू होण्याच्या तोंडावर. आमच्या गल्लीत कोणाला आजाराची भीती घालून हे करून घेतलं नाही, श्रद्धेने आपोआप होतं. मात्र सोमवारी विसर्जन झालं की पाहुण्यांसाठी भरलेले ड्रम उघडे पडून राहतात. तेवढं एक पाऊल पुढे नेलं तर?

शेवभाजी

कल्पना चांगली, पण कानबाई वर्षातून एकदा. डास दर आठवड्याला.

मी धाग्यातलं सगळं जोडून बघतोय. ड्रम कधी रिकामा असतो? नळ यायच्या आदल्या रात्री. म्हणजे कोरडा दिवस शुक्रवारी न ठेवता नळाच्या आदल्या दिवशी ठेवला तर पाणी वाया जात नाही. आमचा वॉलमन गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतोच, "उद्या सकाळी तुमच्या गल्लीत नळ." त्याच मेसेजखाली दुसरी ओळ टाकायला सांगितली तर, "आज ड्रम घासून घ्या"? त्याचा मेसेज सगळं गाव वाचतं. आरोग्य खात्याचा कोण वाचतं?

जिभाऊ धुळेकर

शेवभाजी, हे आमच्या काळात सुचायला हवं होतं. जरूर करा. दोन गोष्टी जोडा. एक, सगळ्या ड्रमांतून थोडं थोडं पाणी घेऊ नका. एक पूर्ण संपवा, घासा, उपडा ठेवा, मग दुसरा. म्हणजे तळाचं पाणी एकाच ड्रमात राहतं. उरलेलं अळ्यांचं पाणी कोरड्या मातीवर ओता, गटारीत नको. दोन, नळ दहा-बारा दिवसांवर गेला तर नुसतं घासून पुरणार नाही, कारण मधल्या काळात डास तयार होतो. तिथे तोंड बांधणं हाच उपाय. ड्रमचं तुटकं झाकण फटीतून डासाला आत सोडतं, कापड सोडत नाही.

कळण्याची भाकरी

आणि दुसरी ओळ अशी टाका शेवभाजी भाऊ: "ड्रम घरातल्या बाप्यांनी उलटा करावा."

शेवभाजी

टाकतो. आमच्या घरचा ड्रम मीच उलटा करेन, फोटोही टाकेन.

गिरणाकाठ

आमच्या वॉलमनशी आज संध्याकाळी बोलले. तो लगेच तयार झाला. त्याच्या पुतणीला मागच्या महिन्यात डेंग्यू झाला होता. सरपंचांशी बोलायचं बाकी आहे. नळ आठ-नऊ दिवसांवरून चारवर आणा ही मागणी ग्रामसभेत लावून धरायची आहे, आणि त्या वेळी जिभाऊंनी लिहिलेला पिढीचा आणि पाळीचा हिशोब मी फळ्यावर लिहून दाखवणार आहे. तोपर्यंत कापड बांधू.

जिभाऊ, कापड कसलं घ्यायचं? जुन्या सुती पातळाचा तुकडा चालेल का? आणि बांधायचं कशाने, सुतळी ढिली पडते.

जिभाऊ धुळेकर

पातळ उत्तम, पण विरलेलं नको, दुहेरी करून घ्या. मधे झोळ राहू देऊ नका, त्यात पावसाचं पाणी साठतं. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर. सायकलवाला अशा ट्यूबा फेकूनच देतो. ड्रमच्या घेराला नीट बसेल अशी कापून गाठ मारा, पाणी घेताना एका हाताने सरकतं आणि परत बसतं.

पाटाचं पाणी

मन्हा काकानं सायकलनं दुकान शे. कोणाला ट्यूबा पाहिजे असतील तर सांगा, पोतं भरून देतो. पैसे नकोत.

गिरणाकाठ

पाटाचं पाणी भाऊ, पूर्ण गल्लीला पुरतील एवढ्या द्या. रविवारी घ्यायला येते. गाव कोणतं ते खाजगी निरोपात कळवा.